झॅपा ऐकवायचा तर सुरुवात 'हॉट रॅट्स'पासून नको

पार्कचौक

सोलापुरातल्या एका तबला शिकणाऱ्या मुलाने विचारलंय: पिंक फ्लॉइड, डीप पर्पल ऐकून झालं, आता अमेरिकन गिटारवादक-संगीतकार फ्रँक झॅपा ऐकायचाय, कुठून सुरू करू? त्याला सगळीकडून एकच उत्तर मिळतंय, 'हॉट रॅट्स' हा अल्बम. माझं मत याच्या उलट आहे आणि ते कारणांसकट मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

झॅपाच्या हयातीत ६२ अल्बम निघाले. पहिला १९६६ चा 'फ्रीक आउट!', शेवटचा १९९३ चा 'द यलो शार्क'. त्याच वर्षी ४ डिसेंबरला तो गेला. त्यानंतर निघालेले मिळवले तर आकडा १२० च्या वर जातो. एवढ्या पसाऱ्यात पहिला अल्बम नुसता आवडून भागत नाही, पुढे काय मिळणार आहे याची खरी कल्पना त्याने द्यायला हवी. 'हॉट रॅट्स' (१९६९) ती देत नाही. त्यात सहा रचना, पाचांत शब्दच नाहीत, आणि 'विली द पिंप'मध्ये गाणं आहे ते कॅप्टन बीफहार्ट या दुसऱ्याच गायकाचं. म्हणजे झॅपाचा आवाज, त्याची बडबड, त्याची टिंगल, यातलं काहीच कानावर पडत नाही. नवा माणूस खूश होतो आणि त्यानंतरचे अल्बम लावतो: 'चंगाज रिव्हेंज', मग 'फिलमोर ईस्ट, जून १९७१'. तिथे फ्लो आणि एडी या गायक जोडगोळीची रॉक बँडच्या मागे फिरणाऱ्या पोरींवरची चावट संवादबाजी सुरू होते. आपल्याला भलताच माल दिला असं त्याला वाटतं आणि तो तिथेच सोडून देतो.

म्हणून सुरुवात १९७३ ते ७५ च्या बँडपासून करावी. पहिला अल्बम 'वन साइझ फिट्स ऑल' (१९७५), आणि त्यातलं पहिलंच 'इन्का रोड्स'. पावणेनऊ मिनिटांत झॅपाचं जवळपास सगळं काही त्यात सापडतं: सतत बदलणारी मोजणी, जॉर्ज ड्यूकचं गाणं आणि कीबोर्ड, रूथ अंडरवूडचा मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), अँडीज पर्वतात उतरलेल्या यानाची थट्टा आणि मध्ये लांब गिटार. त्याची काम करण्याची पद्धतही इथेच दिसते. मूळ वादन लॉस एंजेलिसच्या एका टीव्ही स्टुडिओतलं, ऑगस्ट १९७४ चं. गिटारचा सोलो मात्र त्यानंतर महिन्याभराने हेलसिंकीच्या मैफलीत वाजवलेला, फीत कापून आत बसवलेला. हे आधी सांगू नका. दोनदा ऐकू द्या, मग सांगा आणि तिसऱ्यांदा लावा.

दुसरा 'रॉक्सी अँड एल्सव्हेअर', तिसरा 'अपॉस्ट्रॉफी', आणि 'हॉट रॅट्स' चौथा. त्या जागी तो शोभतो.

सातरस्ता

पार्कचौक मालक, 'फिलमोर ईस्ट'चा धोका खरा आहे. पण त्यासाठी 'हॉट रॅट्स'ला शिक्षा कशाला? चूक दुसऱ्या अल्बमच्या निवडीत आहे.

मुलगा तबल्याचा आहे. त्याचा कान लयीवर आणि आवर्तनावर जाणार, अमेरिकन बोलीवर नाही. 'वन साइझ'मध्ये 'सान बर्डिनो' आणि 'पो-जामा पीपल' आहेत. ते शब्द कळायला तिथलं निमशहरी जगणं माहीत असावं लागतं. ते माहीत नसताना ऐकलं की पोरगं ओठ हलतात तेवढं बघतं आणि दमतं. उलट 'पीचेस एन रिगालिया' साडेतीन मिनिटांचं आहे, त्यात समजावण्यासारखं काहीच नाही. इयन अंडरवूडने पियानो, ऑर्गन, सॅक्सोफोन, बासरी असं एकेक स्वतः वाजवून थरावर थर चढवलेत. सोळा ट्रॅकचं यंत्र त्या काळी नवं होतं, म्हणून ते जमलं. पहिल्यांदा नुसती धून ऐकवा, दुसऱ्यांदा खालचे थर मोजायला लावा.

मग 'सन ऑफ मिस्टर ग्रीन जीन्स'. नऊ मिनिटं. ही धून आधी 'अंकल मीट'मध्ये शब्दांसकट आली होती, इथे शब्द गाळून वाढवली आहे. बंदिश मांडायची, विस्तार करायचा, पुन्हा मुखड्यावर यायचं, हे ज्याने ऐकलंय त्याला वाट दाखवावी लागत नाही.

आणि यापुढे 'चंगाज' नाही, १९७२ चे दोन अल्बम घ्यायचे: 'वाका/जवाका' आणि 'द ग्रँड वाझू'. १० डिसेंबर १९७१ ला लंडनच्या रेनबो थिएटरात एका प्रेक्षकाने झॅपाला मंचावरून खाली ढकललं. गंभीर इजा झाली, बराच काळ चाकाच्या खुर्चीत गेला, दौरे बंद. म्हणून त्या वर्षी त्याने मोठा वाद्यवृंद घेऊन स्टुडिओत काम केलं. 'ईट दॅट क्वेश्चन' हे 'हॉट रॅट्स'नंतर सरळ लागू पडतं. तुम्ही म्हणता तो खड्डा या वाटेवर येतच नाही.

एक मात्र बघून घ्या. 'हॉट रॅट्स'चं १९८७ चं सीडीचं मिश्रण (मिक्स) झॅपाने नव्याने केलेलं आहे आणि ते वेगळं ऐकू येतं. ओळखायची खूण सोपी: 'द गंबो व्हेरिएशन्स' १३ मिनिटांच्या आत असेल तर मूळ १९६९ चं, १७ मिनिटांच्या आसपास असेल तर १९८७ चं. नवख्याला मूळच द्या. जास्तीची चार मिनिटं नंतरच्या चवीची आहेत.

नवीपेठ

तुम्ही दोघंही त्याच्या तोंडावर हात ठेवून त्याची ओळख करून देताय. झॅपा बोलतो! गातो कमी, बोलतो जास्त, आणि मागे बँड अवघडातलं अवघड वाजवत असतो. तमाशातली बतावणी ज्यांना कळते त्यांना हे चटकन कळतं. चावट बोलणं आणि पक्कं वाजवणं एकाच मंचावर नांदतात, याचं आपल्याकडे कुणाला नवल नाही.

म्हणून पहिला 'अपॉस्ट्रॉफी', १९७४. अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेलेला त्याचा हा एकमेव अल्बम, दहावा. पहिली चार गाणी तोडायची नाहीत. 'डोन्ट ईट द यलो स्नो'पासून 'फादर ओब्लिव्हियन'पर्यंत साधारण अकरा मिनिटांची सलग गोष्ट आहे: नानूक नावाचा एस्किमो, त्याची आई, कुत्र्यांनी पिवळा केलेला बर्फ, कातडी विकणारा शिकारी. शब्द छापील घेऊन बसा, गोष्ट मराठीत दोन मिनिटांत सांगा, मग लावा. तिसऱ्या गाण्यात, 'सेंट अल्फॉन्झोज पॅनकेक ब्रेकफास्ट'मध्ये, मारिंबाची जी धाव आहे ती तबलजीने ऐकली की तो आपोआप रूथ अंडरवूडचं नाव विचारेल. अल्बम जेमतेम ३२ मिनिटांचा. कंटाळा यायच्या आत संपतो.

त्यानंतर 'ओव्हर-नाइट सेन्सेशन'मधलं 'मोंटाना'. दात कोरायच्या दोऱ्याची शेती करायला निघालेला माणूस! सुताच्या या शहरात ती कल्पना समजावायला वेळ लागत नाही. मधला अवघड समूहस्वर टीना टर्नर आणि तिच्या साथगायिका आयकेट्स यांचा आहे, आणि अल्बमवर त्यांचं नाव नाही. पण तोच अल्बम घरात मोठ्याने लावू नका, 'डायना-मो हम' सरळ अश्लील आहे.

अक्कलकोटरोड

सालवार का नाही? 'फ्रीक आउट!'पासून एकेक. लेखक असा वाचतो आपण.

सातरस्ता

अक्कलकोटरोड दादा, सालवार गेलं तर अडचण पहिल्याच आठवड्यात येते. 'फ्रीक आउट!' दोन तबकड्यांचा आहे आणि चौथी बाजू पूर्ण गोंगाटाची. 'ट्रबल एव्हरी डे' अवश्य ऐकवा, १९६५ च्या लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स दंगलीवरचं ते गाणं आजही अंगावर येतं. पण तिसरा टप्पा 'वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी' (१९६८). तो बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची आणि हिप्पींची नक्कल आहे. मूळ माहीत नसेल तर नक्कल कुणाची करतोय हेच कळत नाही. त्यानंतर 'रूबेन अँड द जेट्स', म्हणजे १९५० च्या दशकातल्या डू-वॉप या समूहगायनाची पुनर्निर्मिती. नवा माणूस इथे विचारणार की हा तोच का.

पार्कचौक

शिवाय या दोन अल्बमांच्या आवृत्त्यांचा घोळ आहे. ऐंशीच्या दशकात सीडीसाठी झॅपाने दोन्हींतले मूळ बास आणि ड्रम काढून आर्थर बॅरो आणि चॅड वॅकरमन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतले. १९६८ च्या गाण्यांत ऐंशीतले ड्रम! 'मनी'चं मूळ मिश्रण १९९५ च्या सीडीपासून परत मिळालं. 'रूबेन'चं मूळ मिश्रण २०१० मध्ये 'ग्रीझी लव्ह साँग्ज' या नावाने निघालं. जुनी सीडी कुणी स्वस्तात देत असेल तर आधी साल बघा.

नवीपेठ ताई, बतावणीचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच 'रॉक्सी' दुसऱ्या क्रमांकावर ठेवलाय. बहुतांश डिसेंबर १९७३ ची हॉलिवूडमधली मैफल, दोन ड्रमवाले, झॅपा काही गाण्यांआधी बोलतो. 'चीपनिस'मध्ये स्वस्तातल्या राक्षसपटांचं कौतुक आहे, ते आपल्या पोरांना लगेच पोचतं. पण 'अपॉस्ट्रॉफी' पहिला दिला तर झॅपा म्हणजे गमतीदार गाणी करणारा, असा शिक्का बसतो. अमेरिकेत बसलाच. पुढे त्याच्या वाद्यवृंदाच्या रचनांना लोक गमतीच्याच नजरेने बघत राहिले.

विजापूरवेस

ओ मालक, तबल्याच्या पोरासाठी बोलायलाय ना सगळे? मग त्येच्या हातात काम द्या की. उगं अल्बम-अल्बम काय.

पहिलं 'जोज गराज'मधलं 'आउटसाइड नाऊ'. अकराची मोजणी हाय. गिटारचा तोच तोच तुकडा फिरत ऱ्हातो, त्यावर हातानं टाळी धरायची. दहा आवर्तनं न चुकता झाली की मग सोलो ऐकायचा. दुसरं त्याच अल्बममधलं 'वॉटरमेलन इन ईस्टर हे', नऊचं, सावकाश. हितं मोजणी विसरली तरी चालतंय, सूर लई मोठा हाय. तिसरं 'कीप इट ग्रीझी', एकोणीसचं. ते चुकणारच, चुकू द्या.

आणि मग 'द ब्लॅक पेज'. 'झॅपा इन न्यूयॉर्क', १९७६ ची मैफल, टेरी बोझिओ ड्रमवर. स्वरलिपीचं पान काळंच दिसावं एवढे ठिपके, म्हणून हे नाव. मोजणी साधी चारचीच हाय. अवघड काय, तर दोन मात्रांत तीन बसवायचे, आणि त्या तीनातल्या एकात पाच, दुसऱ्यात सहा. लयकारी शिकलेल्याला हे कागदावर लगेच कळतंय, कानाला मात्र दिवस लागतात. पहिला भाग नुसता तालवाद्यांचा, दुसऱ्या भागात तीच लय डिस्कोच्या ठेक्यावर. दुसरा आधी लावा. ठेका खाली असला की आडवी लय पकडायला सोपं जातंय.

मोबाइलच्या स्पीकरवर यातलं कायबी ऐकवू नका. बास जातो, मारिंबाचा खालचा सूर जातो, उरतो नुसता खडखडाट. साधे वायरचे इअरफोन चालतील. 'जोज गराज' तिन्ही अंक मिळून पावणेदोन तासांच्या वर हाय, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना सलग होतंय.

नवीपेठ

विजापूरवेस, 'जोज गराज' शिकाऊ मुलाच्या हातात देताना त्यात काय आहे तेही सांगा. लैंगिक मजकूर भरपूर आहे, आणि 'शीक यरबूटी'मध्ये तर 'ज्यूइश प्रिन्सेस'वरून ज्यू संघटनेने तक्रार केली होती. गाण्यांच्या शब्दांवरून अल्बमांना इशाऱ्याचे शिक्के लावायच्या मागणीविरुद्ध १९८५ मध्ये हाच माणूस अमेरिकन सिनेटपुढे साक्षीला उभा राहिला, ते बरोबरच केलं. पण म्हणून त्याची प्रत्येक टिंगल चांगली ठरत नाही. बायकांबद्दलची काही गाणी मला क्रूर वाटतात, आणि नवख्याला तसं स्पष्ट सांगावं.

तुमची तालांची यादी मात्र उत्तम आहे. एक भर: 'जोज गराज'मधले बहुतेक गिटार सोलो मैफलींच्या फितींवरून उचलून पूर्ण वेगळ्या वेगाच्या गाण्यांवर चिकटवलेत. म्हणून ते ठेक्यावर तरंगल्यासारखे वाटतात. 'वॉटरमेलन' मात्र स्टुडिओत बँडबरोबर वाजवलेला आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की फरक कळतो.

अक्कलकोटरोड

बरं, सालवार नको. पण वाद्यवृंदाचं काय? तेही पोरापर्यंत पोचायला हवं.

पार्कचौक

पोचायला हवं, पण जोडीने. 'जी-स्पॉट टॉर्नेडो' आधी 'जॅझ फ्रॉम हेल' (१९८६) वरचं ऐकवा. ते सिंक्लाव्हियर या संगणकी यंत्रावर केलेलं आहे, माणसाला वाजवणं अशक्य समजून. लगेच 'द यलो शार्क'वरचं तेच ऐकवा, १९९२ मध्ये अँसांब्ल मॉडर्नच्या वादकांनी खरोखर वाजवलेलं. एकाच रचनेची दोन रूपं. 'लंडन सिम्फनी'चे अल्बम त्यानंतर.

क्रमावर मी ठाम आहे. सातरस्ता साहेबांची 'वाझू'ची वाट चांगली आहे, पण त्या वाटेने गेलेला मुलगा आवाजाशिवायच्या झॅपावर थांबायची भीती आहे.

सातरस्ता

थांबला तर थांबू द्या की! १९८१ चे 'शट अप अँड प्ले यर गिटार'चे तीन अल्बम नुसत्या सोलोंचे आहेत, तोही एक पूर्ण झॅपा आहे. त्यातलं शेवटचं 'कनार द्यू जूर' म्हणजे झां-ल्युक पाँतीचं व्हायोलिन आणि झॅपाचा बुझुकी (ग्रीक तंतुवाद्य), दोघंच. आणि आपल्या व्हायोलिनवादक एल. शंकरचा १९७९ चा 'टच मी देअर' झॅपानेच निर्माण केलाय. दाक्षिणात्य व्हायोलिन ऐकलेल्या घरात ते दार लवकर उघडेल.

डीप पर्पल ऐकणाऱ्याला आणखी एक सांगा. 'स्मोक ऑन द वॉटर'मधली आग लागली ती ४ डिसेंबर १९७१ ला माँत्रोच्या कॅसिनोत, झॅपाच्याच मैफलीत. गाण्यात त्याचं नाव आहे. मुलाने ते शंभरदा ऐकलं असेल.

विजापूरवेस

पोराला दोन्ही वाटा द्या आणि आधी 'इन्का रोड्स' का आधी 'पीचेस' ते त्येलाच ठरवू द्या. फक्त 'इन्का रोड्स' दिलं तर त्या टीव्ही स्टुडिओचं चित्रणबी दाखवा, 'अ टोकन ऑफ हिज एक्स्ट्रीम'. रूथबाईंचे हात दिसले पाहिजेत.