मदत हवी आहे : आयटीआयला मोटर मेकॅनिक घ्यावा की डिझेल?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ यंदा दहावी झाला. त्याला गाड्यांचंच काम शिकायचंय. दोन वर्षं सुट्टीत तो आमच्या नाक्यावरच्या गॅरेजात जातोय. कार्ब्युरेटर खोलून, जेट फुंकून, परत बसवून गाडी चालू करतो. हात चांगला बसलाय.

पण मागच्या महिन्यात एक बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची, कार्ब्युरेटरऐवजी सेन्सर-इंजेक्शनवाली) बाईक आली. सेल्फ फिरत होता, प्लगला करंट होता, तरी गाडी चालू होईना. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा तसाच. गॅरेजात बिघाड वाचणारा स्कॅनर नाही, शेवटी गाडी टेम्पोत घालून शोरूमला पाठवली. त्या रात्री भाऊ नीट जेवलाही नाही. "दादा, मला हे शिकायचंय," एवढंच म्हणाला.

डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, मोटर मेकॅनिक दोन वर्षांचा. घरची परिस्थिती बघता एक वर्ष बरं वाटतं. पण दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणून माझं मन तिकडे ओढतंय.

ज्यांनी हे ट्रेड केलेत त्यांनी खरं सांगा: सेन्सर, इंजेक्शन, वायरिंग प्रत्यक्ष हाताने करायला मिळतं का, की फळ्यावरच? अप्रेंटिसशिपला कंपनी बरी की सर्व्हिस सेंटर? आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा ट्रेड कुणी केलाय का? ऑप्शन फॉर्म भरायचाय, लवकर सांगितलंत तर फार उपकार होतील.