अमेरिकेतली लॉनमोवरची घरची इंजिनं कुणी संपवली?

तळ्याकाठी (मिलवॉकी)

शनिवारी माझ्या जुन्या लॉनमोवरचं (गवत कापायच्या यंत्राचं) पातं झाडाच्या बुंध्याला लागलं आणि इंजिन खाडकन बंद पडलं. दोरी ओढली की हाताला उलटा हिसका बसायचा. शेजारचे आजोबा 31 वर्षं एका इंजिन कारखान्यात होते, त्यांच्या गॅरेजमध्ये ढकलत नेलं. त्यांनी वरचं झाकण काढलं, फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचं जड चाक सोडवलं आणि ते क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) अडकवणारी, चिमटीत मावेल एवढी धातूची चावी माझ्या तळहातावर ठेवली. मऊ धातूची, मधोमध सरकून कापल्यासारखी झालेली. पातं कशावर आपटलं तर ही स्वस्तातली चावी जावी आणि क्रँकशाफ्ट वाचावा, म्हणून ती मुद्दामच मऊ ठेवलेली असते. नवी चावी बसवली आणि तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. 1990 च्या आसपासचं इंजिन आहे ते.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही छोटी इंजिनं बनवणारी कंपनी आमच्या मिलवॉकीत 1908 मध्ये सुरू झाली. 1953 मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन आणलं आणि उपनगरातल्या घराघरांत मोवर पोचला. 20 जुलै 2020 ला हीच कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभी होती. तिची जुनी प्रतिस्पर्धी टेकमसे, तिची इंजिनं तर आधीच संपली. 2007 मध्ये तिचा इंजिन विभाग प्लॅटिनम इक्विटी या गुंतवणूक कंपनीने 5.1 कोटी डॉलरला घेतला आणि 2008 च्या अखेरीस इंजिनं बनवणं थांबलं. विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन आणि न्यू होल्स्टीन या गावांची ओळखच त्या कारखान्यांवर होती.

सगळे म्हणतात चीनमुळे झालं. माझं मत वेगळं आहे. चीनचा माल आला तो उघड्या दारातून, आणि दार आतल्यांनीच उघडं ठेवलं होतं. आधी इंजिन स्वस्त करत नेलं, मग पातळ करत नेलं. शेवटी तेल बदलायचंच नाही, फक्त बघायचं आणि कमी असेल तर ओतायचं, अशी इंजिनं बाजारात आली. जी वस्तू दुरुस्तीलायक राहिली नाही, ती कुणी बनवली याचं गिऱ्हाइकाला काय पडलंय?

शार्लटवाला

असहमत. तुम्ही जपानला पूर्ण विसरलात. होंडाची जीएक्स मालिका 1983 ची. ओव्हरहेड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या डोक्यावर), कमी तेल खाणारी, दोन ओढींत सुरू होणारी. त्या वेळी अमेरिकन कंपन्या घरगुती मोवरसाठी साइड व्हॉल्व्हची, म्हणजे झडपा बाजूला असलेली जुन्या धाटणीची इंजिनं ओतत होत्या, कारण साचे तयार होते आणि खप होता. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तेव्हा कुठे ती मागे पडली. मी 9 वर्षं लोकांची लॉनं कापायचा धंदा केला. दिवसाला 14-15 अंगणं. माझ्या माणसांना मशीन बंद पडलेलं परवडत नव्हतं, म्हणून जपानी कावासाकीची इंजिनं असलेली मशीनं घेतली. त्यात देशद्रोह कसला?

आणि ‘घरची’ म्हणजे नेमकी कुणाची? कावासाकीची इंजिनं 1989 पासून मिझुरीत मेरीव्हिलला बनतात. त्या गावच्या माणसाला पगार मिळतो, तो जपानी मालकाकडून मिळाला म्हणून कमी होतो का?

अंगणातली चिमणी (सॅन होजे)

मला एक कळत नाही, या इंजिनांसाठी एवढं हळहळायचं कशाला? आमच्या गल्लीत मंगळवारी सकाळी माळीकाम करणाऱ्यांच्या गाड्या येतात. माझ्या मुलाला दमा आहे, त्या दिवशी मी खिडक्या लावून बसते. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचाच हिशेब आहे की व्यावसायिक मोवर तासभर चालला तर धुरकं तयार करणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं करायला मोटारीला सुमारे 300 मैल जावं लागतं. पानं उडवायचा ब्लोअर तर त्याहून कितीतरी वाईट. 2021 मध्ये कायदा झाला आणि 2024 च्या मॉडेलपासून इथे अशी बहुतेक नवी पेट्रोल यंत्रं विकता येत नाहीत. बरं झालं. ते मोवर ढकलणाऱ्या मेक्सिकन मुलांच्या छातीत दिवसभर काय जातं, हा विचार तुमच्या दोघांच्याही लिखाणात नाही.

तळ्याकाठी

चिमणीताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. तो मी लिहायलाच हवा होता. पण कारखाने बॅटरीमुळे बुडाले नाहीत. टेकमसेची इंजिनं बंद पडली तेव्हा बॅटरीचा मोवर ही बाजारातली किरकोळ चीज होती. शिवाय बॅटरीची यंत्रं तरी कुठे घरची आहेत? इगो ही नानजिंगच्या चेरव्हॉनची, र्‍योबीची बागकामाची यंत्रं हाँगकाँगच्या टीटीआयची. इंजिनाचा अनुभव असलेल्या कारखान्यांनी मोटर आणि बॅटरीकडे वेळेत वळायला हवं होतं. ब्रिग्ज वळली, पण फार उशिरा.

शार्लटवाले, ‘दोन ओढींत सुरू’ हे शंभर टक्के मान्य. पण होंडाचंच पुढचं ऐका. नॉर्थ कॅरोलायनात स्वेप्सनव्हिलला 1984 पासून ते मोवर बनवत होते आणि 2023 मध्ये त्यांनी अमेरिकेसाठी मोवर बनवणं थांबवलं. कारखाना नियंत्रणात ठेवणारा मालक लांबचा असला की तो निर्णयही लांबूनच घेतो, एवढंच म्हणायचं आहे.

शिरोलीकर

मी कोल्हापूरहून लिहितोय. फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) पॅटर्न शॉप, म्हणजे साच्यांचे नमुने बनवायचा विभाग सांभाळतो. तुमची चर्चा वाचताना आमचीच गोष्ट वाचल्यासारखं वाटलं, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

तळ्याकाठी दादा, तिकडचं ओतकाम बंद झालं म्हणून आमच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कैक भट्ट्या पेटल्या, हे पण सांगायला पाहिजे. माझं घर त्यावर उभं आहे. बाहेरची ऑर्डर म्हणजे काय असतं ते सांगतो. पहिला लॉट जातो, त्यात सच्छिद्रता (आत बारीक पोकळ्या) निघाली म्हणून निम्मा परत येतो. मग रायझर (साच्याला जादा धातू पुरवणारी जागा) कुठे ठेवायचा, वाळूतला ओलावा किती, हे महिना दीड महिना चालतं. एक म्हातारे मोल्डर होते आमच्याकडे, मूठभर वाळू दाबायचे, मोडून बघायचे आणि सांगायचे, आज पाणी जास्त झालंय. प्रयोगशाळेचा आकडा नंतर यायचा आणि तोच असायचा. असं शिकून मिळवलेलं काम दोन रुपये स्वस्त मिळतं म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे नेतं. पॅटर्न आमच्या फळीवर धूळ खात पडतात. तुमच्याकडचे लोक आम्हाला ‘स्वस्त’ म्हणतात, तर आमच्याहून स्वस्त कुणीतरी असतोच.

म्हणून मला नुसतं ‘मालकांचं चुकलं’ पटत नाही आणि नुसतं ‘गिऱ्हाइकाची निवड’ हे पण पटत नाही. कोहलर या अमेरिकन इंजिन कंपनीने 2007 मध्ये इटलीची इंजिनवाली लोम्बार्डिनी घेतली, तिच्याबरोबर औरंगाबादचं कामही आलं. तिथल्या पोरांना नोकऱ्या लागल्या. आता ते वाईट म्हणायचं का?

हिशेबनीस (एडिसन)

भावनेच्या भरात आकडे बाजूला राहिलेत. छोट्या इंजिनाचा धंदा हंगामी आहे. वसंतात पाऊस पडला नाही तर गवत वाढत नाही, गवत वाढलं नाही तर मोवर खपत नाही. वर्षभर कर्ज काढून माल बनवायचा आणि मोजक्या बड्या दुकानांच्या भरवशावर बसायचं. मरे हा मोवरवाला 2004 मध्ये बुडाला, सिअर्स ही दुकानांची साखळी 2018 मध्ये. दोघांकडे ब्रिग्जची इंजिनं जायची. एवढे धक्के कुठली कंपनी सोसेल?

आणि चीनचा मुद्दा तुम्ही फार सहज झटकलात. ब्रिग्ज आणि कोहलर यांच्या तक्रारीवरून अमेरिकी सरकारने चौकशी केली आणि 2021 मध्ये चीनच्या उभ्या शाफ्टच्या (मोवरमध्ये बसतात तशा) इंजिनांवर अँटी-डंपिंग ड्यूटी, म्हणजे फार स्वस्तात टाकलेल्या मालावरचा जादा कर, लागली. माल अन्याय्य किमतीत विकला जातोय हे सिद्ध झाल्याशिवाय असं होत नाही. शिवाय दिवाळखोरीनंतर केपीएस या गुंतवणूक कंपनीने सुमारे 55 कोटी डॉलर मोजून ब्रिग्ज घेतली, ती आजही चालू आहे. गुंतवणूकदाराने जगवलंच ना?

तळ्याकाठी

हिशेबनीस, ड्यूटीचं खरं आहे, मी तो भाग हलकेच घेतला. पण ती आली कधी ते बघा. 1994 मध्येच ब्रिग्जने मिलवॉकीतल्या सुमारे 2,000 नोकऱ्या दक्षिणेकडे, युनियन नसलेल्या गावांत न्यायचं ठरवलं. त्यांचा स्वतःचा कारखाना चोंगचिंगमध्ये होता. केंटकीतल्या मरे गावातही त्यांचा कारखाना होता, 2019 मध्ये तोही बंद करायचं जाहीर झालं. 2020 मध्ये अर्ज करायच्या काही आठवडे आधी वरच्या अधिकाऱ्यांसाठी बोनस मंजूर झाले आणि निवृत्तांचा आरोग्य विमा, आयुर्विमा गेला. पेन्शन सरकारी हमी महामंडळाकडे गेली. कंपनी जगली हे खरं. पण तीस वर्षं घाम गाळलेल्या माणसाला त्या जगण्यात कुठली जागा मिळाली?

आणखी एक. टेकमसेची इंजिनं ज्या प्लॅटिनम इक्विटीने घेऊन बंद केली, तिनेच 2024 मध्ये कोहलरच्या इंजिन आणि जनरेटर व्यवसायाचा मोठा हिस्सा घेतला. आता नाव रेल्को झालंय. औरंगाबादच्या मुलांचं बरं चालावं असं मला अगदी मनापासून वाटतं, शिरोलीकर. म्हणूनच काळजी वाटते.

शार्लटवाला

बोनसचं माहीत नव्हतं. तिथे माझं काही म्हणणं नाही. इंजिनाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

अंगणातली चिमणी

एक विचारते. माझ्या बॅटरीच्या मोवरची बॅटरी चौथ्या वर्षीच निम्म्यावर आली. दुकानदार म्हणतो नवी घ्या, पण ती नव्या मोवरच्या निम्म्या किमतीला आहे. तुमच्या आजोबांसारखं कुणी ती उघडून आतले सेल बदलून देतं का? की चिमटीत मावणारी चावी हिच्यात नसतेच?

तळ्याकाठी

ताई, ती स्वतः उघडू नका, आतला सेल चुकून जोडला गेला तर आग लागते. आजोबांचा नातू इलेक्ट्रिक सायकलींच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो, त्याला विचारतो. मॉडेलच्या चिठ्ठीचा फोटो टाका, रविवारी त्यांच्याकडे जातोच आहे, कार्बोरेटर साफ करायचाय.