मदत हवी आहे: चौथीच्या मुलांना सावित्रीबाई कशा सांगू?

नमस्कार मंडळी. 10 मार्चला सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांसमोर मला वीस मिनिटं बोलायचं आहे.

1848, पुण्यातल्या भिडेवाड्यातली मुलींची शाळा, अंगावर फेकलेलं शेण, हे मुलांना पाठ आहे. मला शाळेतल्या बाईंसोबत त्यांच्यातली बायको आणि आईही दाखवायची आहे. 1877 च्या दुष्काळात ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिणारी. 1890 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवं (अंत्यविधीचं मडकं) धरून पुढे चालणारी. आणि 1897 चा प्लेग. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला, हडपसरजवळ माळावर रोग्यांवर उपचार करत होता. मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या त्याच्याकडे आल्या आणि त्याच साथीत गेल्या. इथे आलं की माझाच आवाज फुटत नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हा मृत्यू कसा सांगावा, की ती घाबरणार नाहीत आणि गोष्टही पातळ होणार नाही? पत्रांतला कुठला भाग त्यांना पेलेल? वर्गात कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आमच्याकडे प्रोजेक्टर नाही, फळा आणि खडू आहे.