हेलियम मोजायचा कुठे?

ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छातली निळी मुख्य शृंखला (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या रांगांपैकी निळसर रांग) कमी धातूंमुळे, म्हणजे हेलियमहून जड मूलद्रव्यं कमी असल्यामुळे निळी, असा एक समज आहे. आहे उलटंच: 2005 साली वर्णपट तपासले तेव्हा निळे तारेच जास्त धातूंचे निघाले. जास्त धातूंनी तर तारा लालसर दिसायला हवा. मग निळेपणाचं कारण उरतं हेलियम: वस्तुमानाने सुमारे 0.38 हिस्सा, विश्वारंभीचा मूळचा 0.25 च्या आसपास. हेलियम वाढला की अपारदर्शकता (वायूची प्रकाश अडवण्याची क्षमता) घटते, सरासरी रेणुभार (कणांचं सरासरी वजन) वाढतो, तारा जास्त तापतो.

थेट मोजणं मात्र किचकट. थंड ताऱ्यांच्या दीप्तिगोलात (ताऱ्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागात) हेलियमच्या वर्णपट-रेषा उमटतच नाहीत. म्हणून क्षैतिज शाखेवरचे (गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्यांपैकी) साधारण 8,500 ते 11,500 केल्विनचे तारे निवडा. त्याहून उष्ण ताऱ्यांत हेलियम पृष्ठभागाखाली बसतो, आकडा चक्क कमी येतो. मेख अशी, की या पट्ट्यातले तारे म्हणजे अख्खा गुच्छ नव्हे. कमी हेलियमवाले बहुधा शाखेच्या लाल, थंड टोकाकडेच राहतात.