आपोआप कुणाची वाढतात ओ?

'एकत्र कुटुंबात मुलं आपोआप वाढतात' असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. आमचं सोलापुरातलं घर एकत्रच. सासूबाई होत्या म्हणून माझी नोकरी टिकली, हे अगदी मान्य. पण आपोआप काही होत नाही. कुणीतरी करत असतं, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. नळाला पाणी काही दिवसांआड. आलं की भरणं, धुणं आणि शाळेचा डबा एकदमच. मे महिन्यात पारा 40 च्या वर, आणि तापाने फणफणलेलं पोर कडेवरून उतरत नाही. अशा वेळी मला आईपण मुळीच आवडत नाही. हे लिहायला लाजही वाटत नाही.

2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची 26 आठवडे पगारी रजा, 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर. कायदा चांगलाच आहे. पण आमच्या पूर्वभागात घरी विड्या वळणाऱ्या बाईला कसलं पाळणाघर? मांडीवर तंबाखूचं सूप, शेजारी बाळ. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, म्हणजे पोर रडलं की हातही थांबला आणि पैसाही. तिची मुलं 'आपोआप' वाढतात असं तिच्या तोंडावर म्हणून बघा एकदा.

बापांचं मात्र बरं असतं. जानेवारीत आमचे हे मुलांना सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवून आणतात आणि सगळी गल्ली म्हणते, किती करतो हो! करतात, खरंच. मी तेवढ्यात दार लावून झोपून घेते. यंदा जावेची दोन्हीही सोबत पाठवणार आहे.