१२० तासांची इंटर्नशिप: नगररचना विभागात की वस्तीत?

गिरणाकाठ
एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आता ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आहे. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. जळगाव-धुळ्यातली भूगोल, पर्यावरणशास्त्र, समाजकार्याची मुलं ते कुठून तरी सही-शिक्का आणून उरकतात. माझं मत: हे तास नगररचना विभागात टेबलाशी बसून घालवू नयेत. मुलांना वस्तीत पाठवावं आणि एकच काम द्यावं, ईएलयू म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशा जागेवर तपासण्याचं.

शहराच्या विकास आराखड्याआधी एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम २५ खाली हा नकाशा होतो. त्यात पत्र्याची शंभर घरं 'मोकळी जागा' म्हणून रंगवली गेली की पुढे तिथेच उद्यान नाहीतर रस्ता पडतो. प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस. रोजंदारी बुडवून नकाशा पाहायला कोण जाणार?

काम अवघड नाही. नकाशाची शीट स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ उत्तर या आपल्या भागाच्या निर्देशांक पद्धतीवर बसवायची. किमान सहा नियंत्रण बिंदू, म्हणजे शीटवर आणि जागेवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या खुणा, घ्यायचे, तेही शीटभर पसरलेले. रेल्वे फाटक, जुना पूल, बांधाचा दगड चालतो. रस्त्याची कड घेऊ नये, रुंदीकरणात ती सरकलेली असते आणि मग सगळी शीट तिरकी बसते. फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर चुकतो, गल्लीत त्याहून जास्त. म्हणून घराची खूण उपग्रह चित्रावर हाताने करायची.

प्रारूप_ते_मंजूर
भाऊ, नकाशा सुंदर होईल, पण निर्णय फायलीवर होतो. हरकतीत सर्व्हे नंबर, शीट नंबर, आरक्षणाचा (मैदान, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनीचा) क्रमांक नसेल तर कलम २८ च्या नियोजन समितीपुढे ती 'सर्वसाधारण स्वरूपाची' म्हणून एका ओळीत निकालात निघते. समितीत स्थायी समितीचे तिघे आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. त्यांच्यासमोर फाईल कशी जाते हे ज्या मुलाने पाहिलंच नाही, तो वस्तीला काय लिहून देणार?

आणि खरा अन्याय ईएलयूत नाही, कलम १२७ मध्ये आहे. मंजूर आराखड्यातली आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देतो. २४ महिन्यांत पालिकेने संपादनाचं पाऊल उचललं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मालकाकडे वकील असतो, तारखा त्याला पाठ असतात. मैदान जातं त्या वॉर्डातल्या पोरांचं, आणि ते गेल्याचं त्यांना प्लॉट पडल्यावर कळतं. इंटर्नने कार्यालयात बसून आरक्षणांची नोंदवही करावी: क्रमांक, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आराखडा अमलात आल्याची तारीख, संपादन झालं का, नोटीस कधी आली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो जागेवर फिरून भरता येत नाही, आवक-जावक रजिस्टरमध्येच सापडतो.

सातपुडा_पायथा
तुम्ही दोघं जळगावच्या चष्म्यातून बघताय. ओजेटी दुसऱ्या सत्रात असतं, जानेवारी ते एप्रिल. त्या वेळी नंदुरबार, तळोदा, अक्कलकुव्याकडची कुटुंबं दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला असतात. होळीला येतात, पुष्कळशी पुन्हा जातात. जानेवारीत झोपडीला कुलूप दिसलं म्हणून इंटर्न 'वापरात नाही' लिहिणार, आणि तोच कागद पुढे त्या कुटुंबाविरुद्ध पुरावा होणार. नोंद करायची तर 'स्थलांतरित' असा वेगळा रकाना हवा, शेजाऱ्याला विचारून भरलेला. नाहीतर पावसाळ्यात जा. आणि भिली, पावरी बोलणारीच मुलं पाठवा. पुण्या-मुंबईच्या संशोधन पदांवर येणाऱ्यांना इथे दुभाषा लागतो, आपल्या पोरांना नाही.

तापीपूर्णा
बरोबर शे भो. पण पर्यावरण न्यायाच्या नावाखाली मुलांच्या हातात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) देऊन गावोगाव पाठवतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राची राख वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यात जाते. आसपासच्या विहिरींबद्दल लोक विचारतात तो प्रश्न जड धातूंचा असतो, आणि टीडीएस मीटर त्याबद्दल काहीच सांगत नाही. मीटरवर ४०० आलं म्हणून 'पाणी चांगलं' असं पोराने सांगितलं तर विहिरीवरची बाई ते खरं धरते. धातूंसाठी नमुना स्वच्छ प्लास्टिक बाटलीत घेऊन नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून आकडा कमी येतो. जंतूंसाठी बाटली निराळी, निर्जंतुक, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. तपासणीचे पैसे आणि प्रयोगशाळा आधी ठरली नसेल तर पाण्याला हात लावू नका.

गिरणाकाठ
पाण्याचं मान्य, ताई. नोंदवहीचंही. पण प्रारूप_ते_मंजूर यांना एक विचारतो: विभागाने इंटर्नला रजिस्टर दाखवलंच नाही तर? बहुतेक ठिकाणी मुलांना स्कॅनिंगला बसवतात.

प्रारूप_ते_मंजूर
मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच टाकायचा. शेवटी टाकला तर उत्तर येईपर्यंत सत्र संपतं. बाहेरून अर्ज आला की कार्यालयावर दाब येतो, हे मी नाकारत नाही. पण कार्यालय सोडून द्या, हे मला पटत नाही.

फुकट_नको
कुठे बसवायचं यावर एवढं भांडण, पैशावर कोणी बोलत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले, पण शिक्षण चालू असणाऱ्याला ती लागू नाही. केंद्राची ट्यूलिप ही पालिकांतल्या इंटर्नशिपची योजना २०२० ची, तीही पदवी झालेल्यांसाठी, आणि मानधन किती ते त्या-त्या पालिकेवर. म्हणजे ओजेटीचा विद्यार्थी फुकटच. चोपड्याहून रोज जळगावला एसटीने येणारी मुलगी १२० तास म्हणजे वीसेक खेपा करणार, भाडं घरचं. मग हे काम शहरात घर असलेल्यांचीच पोरं करणार, आणि ज्या वस्तीवर अभ्यास चाललाय तिथली पोरगी बाहेरच. विद्यापीठाशी करार करताना प्रवास आणि जेवण ही अट पहिल्या पानावर घाला. पालिका नाही म्हणाली तर मुलीला तिच्याच तालुक्यातल्या नगरपालिकेत पाठवा, नोंदवही तिथेही करायचीच आहे.