जीमॅट पुन्हा देताना तयारीत नेमकं काय बदललंत? (अनुभव धागा)

जीमॅटचा (एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) स्कोअर मनासारखा आला नाही की लगेच पुढची तारीख घ्यावीशी वाटते. नियमही आड येत नाही: दोन प्रयत्नांत १६ दिवसांचं अंतर, आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ प्रयत्न. पण तोच अभ्यास पुन्हा केला तर आकडाही बहुधा तिथेच घुटमळतो. ज्यांनी परीक्षा पुन्हा दिली आहे किंवा इतरांकडून तयारी करून घेतली आहे, त्यांनी पद्धतीबद्दल सविस्तर लिहावं, ही विनंती.

लंबक
आधी स्कोअर रिपोर्ट नीट वाचा. कोणत्या प्रश्नप्रकारात किती गेलं आणि वेळ कुठे खर्ची पडला, हे त्यात दिसतं. मग एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही. बहुतेकांचा लॉग वाया जातो, कारण चुकीसमोर ‘सिली मिस्टेक’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी पहिली चुकीची पायरी लिहा: ‘क्ष पूर्णांक आहे असं गृहीत धरलं’, ‘टक्केवाढ विचारली होती, फरक काढला’. शेजारी लिहा की प्रश्नातल्या कोणत्या शब्दावरून ते वेळीच लक्षात यायला हवं होतं.

उत्तर बरोबर आलं पण तीन मिनिटं लागली, तर तो प्रश्नही लॉगमध्ये हवा. आठवड्याभराने वही न बघता तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवा. दुसऱ्याच दिवशी सोडवलात तर पद्धत आठवतेय की नुसतं उत्तर, हे कळणार नाही.

आणि जुनी पुस्तकं बाजूला ठेवा. २०२४ च्या सुरुवातीला जुनी परीक्षा बंद झाली. त्यातली भूमिती आणि सेंटेन्स करेक्शन (वाक्यातल्या चुका सुधारायचे प्रश्न) आता नाही.

वजाबाकी
रीटेकवाल्यांचा सर्वाधिक तोटा घड्याळामुळे होतो, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक विभागाला ४५ मिनिटं. क्वांटमध्ये (गणित) २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये (भाषा आणि तर्क) २३, डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते-आलेखांतली माहिती) २०. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघत बसू नका, टप्पे ठरवा. क्वांटमध्ये ७ प्रश्न झाले की ३० मिनिटं उरलेली हवीत, १४ झाले की १५. मागे पडलात तर पुढच्या टप्प्यात एकच प्रश्न अंदाजाने सोडा आणि वेळ भरून काढा.

दोन मिनिटं होत आली आणि अजून समीकरणही मांडलेलं नाही, तर पर्याय निवडा, बुकमार्क करा, पुढे जा. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे येता येतं, पण फक्त ३ उत्तरं बदलता येतात. त्यामुळे जिथे थोडंसंच काम राहिलंय तेच प्रश्न आधी उघडा.

‘सुरुवातीचे प्रश्नच स्कोअर ठरवतात’ हा समज सोडून द्या. तिथे चार-चार मिनिटं घालवणाऱ्यांना शेवटी ओळीने अंदाज मारावे लागतात, नाहीतर प्रश्न राहून जातात. न सोडवलेल्या प्रश्नांचा फटका मोठा बसतो.

कोरी पाटी
डेटा इनसाइट्सबद्दल. एकूण स्कोअरमध्ये तिन्ही विभागांचं वजन सारखं आहे, तरी लोक क्वांटच घोटत बसतात. इथे एकाच प्रश्नाला दोन-तीन भाग असतात आणि सगळे बरोबर आले तरच गुण, अर्धे गुण नाहीत. म्हणून दुसऱ्या भागात अडकलात तर पहिल्यावर आणखी वेळ घालवू नका.

डेटा सफिशियन्सीत (दिलेली दोन विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का, एवढंच ठरवायचे प्रश्न) पहिलं विधान तपासून झालं की ते डोक्यातून पूर्ण पुसा, मग दुसरं वाचा. उदाहरणार्थ, ‘क्ष धन आहे का?’ पहिलं विधान: क्षचा वर्ग २५. पुरेसं नाही, उणे ५ सुद्धा चालतं. दुसरं विधान: क्षचा घन १२५. एकटं पुरेसं. घाईत लोक दोन्ही एकत्र लागतात असं उत्तर देतात. शून्य, ऋण संख्या आणि अपूर्णांक हे तिन्ही घालून बघायची सवय लावा.

कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात, तोही पडद्यावरचा, आणि वापरायला संथ. आधी मनात ढोबळ आकडा काढा. पर्याय दूरदूरचे असतील तर त्याला हातच लावू नका.

अनुमान
व्हर्बलसाठी एकच. क्रिटिकल रीझनिंगमध्ये (छोट्या युक्तिवादावरचे प्रश्न) पर्याय वाचण्याआधी निष्कर्ष स्वतःच्या पाच-सहा शब्दांत मांडा. गृहीतक विचारलं असेल तर पर्याय उलटा, म्हणजे नकारार्थी, करून बघा. उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला तर तेच उत्तर.

दवबिंदू
अधिकृत मॉक (सराव परीक्षा) ६ आहेत, त्यातल्या २ मोफत. पहिल्या प्रयत्नात ज्या वापरल्या त्यांचा पुन्हा आलेला स्कोअर धरू नका, ओळखीच्या प्रश्नांमुळे तो फुगतो. निदान दोन न पाहिलेल्या मॉक शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा. परीक्षा ज्या वेळी आहे त्याच वेळी, विभागांचा तोच क्रम लावून, १० मिनिटांची एकच सुट्टी घेऊन द्या. केंद्रावर देणार असाल तर कच्चं काम मार्कर आणि पुसता येणाऱ्या वहीवर करायचा सराव हवा, कारण जाड मार्करने जागा भराभर संपते.

त्या दोन्ही मॉकमध्ये हवा तो आकडा आला तरच घेतलेली तारीख कायम ठेवा. आधीच्या स्कोअरची धास्ती नको. कोणता स्कोअर कुठे पाठवायचा ते निकाल पाहिल्यावर तुम्हीच ठरवता, आणि न पाठवलेला स्कोअर संस्थेला दिसत नाही.